जखम भरली, मग हात का उचलत नाही?

उन्हाळा लागला की जिल्ह्याच्या पानावर अशा बातम्या येऊ लागतात. गॅसचा भडका उडाला, कडब्याची गंजी पेटली, डीपीवर फ्यूज टाकताना शॉक बसला, गुऱ्हाळावर काहिलीत पाय गेला. खाली एक ओळ असते, '४० टक्के भाजली, प्रकृती स्थिर.' बातमी तिथं संपते. माझं काम साधारण तिथून सुरू होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून, नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातून कातडी लावून, ड्रेसिंग संपवून घरी पाठवलेले पेशंट पुढं वर्ष-दीड वर्ष व्यायामासाठी आमच्यासारख्यांकडं येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त माणसं मध्यम ते गंभीर भाजतात. त्यातली जी माझ्यापर्यंत पोचतात, त्यांच्या घरच्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो. 'जखम तर भरली मॅडम. मग हात का उचलत नाही?'

वसमतच्या बाजूची एक बाई होती. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. तिकडं उन्हाळ्याच्या तोंडाला हळद शिजवायचा हंगाम असतो. ती मजुरीला गेली होती. कुकरचं झाकण उघडताना वाफ आणि उकळतं पाणी उजव्या अंगावर आलं. मान, काख, दंड भाजला. वॉर्डातून सुटताना तिचा उजवा हात बाजूनं ९५ अंशांपर्यंत वर जात होता, म्हणजे खांद्याच्या थोडा वर. माझ्याकडं तीन आठवड्यांत नऊ दिवस येऊनही तो ७० वर अडकला. सोबत येणारी सासू म्हणाली, "घरी लेकरू उचलायला हात जातो वर. हितं आलं की जात नाही. नाटकं करायली."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. सासूच्या त्या वाक्यातच उत्तर होतं, पण त्याकडं नंतर येते.

आधी कातडीचं गणित

खोल भाजलेल्या जागी पहिल्यासारखी कातडी परत येत नाही, व्रणाची कातडी येते. आणि व्रणाला एक खोड असते. तो भरता भरता आकसतो. हलगीसाठी ओलं चामडं नुसतं उन्हात टाकलं तर ते गोळा होऊन वाकडं वाळतं. कड्यावर ताणून बांधलं तरच सपाट राहतं. इथंही तेच. व्रण लाल, जाड आणि टणक आहे तोवर तो ओढत राहतो, आणि तो मऊ, फिकट व्हायला वर्षभर, कधी दोन वर्षंही लागतात. तेवढा काळ रोज ताण द्यावा लागतो. व्यायाम त्यासाठी, रात्री बांधायची पट्टी म्हणजे स्प्लिंट त्यासाठी. दिवसाचे तेवीस तास घालायचा तो घट्ट कपडाही व्रण दाबून सपाट ठेवण्यासाठीच असतो. (मे महिन्यात परभणीत तो घालून दाखवा, मग पेशंटला रागवा.)

भाजलेल्यांच्या वॉर्डात आम्ही एक गोष्ट सारखी सांगतो. ज्या स्थितीत बरं वाटतं, हात-मान त्याच स्थितीत आखडतात. मान भाजली की हनुवटी छातीकडं झुकवून बरं वाटतं, म्हणून उशी काढायला लावतो. काख भाजली की हात अंगाला चिकटवून बरं वाटतं, म्हणून तो बाजूला उघडा ठेवायला लावतो. म्हणजे आमचं सगळं शास्त्र पेशंटला जे नको वाटतं तेच करायला सांगणारं. अंगाला हे सोसतं. मन भेदरलेलं असेल तर गाडी इथंच अडते.

मेंदूतला जागल्या आणि तलाठी

आपल्याकडं पीक राखायला रात्री जागलीला जातात. जागल्याचं काम विचार करणं नाही, ओरडणं आहे. पाला हलला की आरोळी, मग तिथं रानडुक्कर असो की वारा. मेंदूत असा एक जागल्या असतो, बदामाएवढा, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसला की तो आधी हाळी देतो. छाती धडधडते, अंग ताठतं, हात आवळतात. खरंच धोका होता का, हे डोक्याला नंतर कळतं.

त्याच्या शेजारी एक तलाठी बसतो. त्याचं काम नोंदीचं. हे कधी घडलं, कुठं घडलं, संपलं की चालू आहे, अशी नोंद झाली की आठवण जुन्या दप्तरात जाते. भयंकर प्रसंगात जागल्या इतका ओरडतो की तलाठ्याची नोंद धड होत नाही. मग त्या प्रसंगाचे तुकडे, म्हणजे वास, आवाज, वाफ, कातडीची आग, तारीख नसलेल्या कागदांसारखे उडत राहतात. एखादा तुकडा समोर आला की मेंदूला ते मार्च महिन्यात घडलेलं वाटत नाही. आत्ता घडतंय असं वाटतं. मेंदूचे डॉक्टर ही तलाठ्याची उपमा वाचून कपाळाला हात लावतील, पण कामापुरती ती पुरते.

या अवस्थेचं नाव पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतरचा ताण-विकार. पुढं मी पीटीएसडी म्हणेन.

तो ओळखायचा कसा? प्रसंग नको असताना परत येतो, स्वप्नात किंवा दिवसाढवळ्या. त्याची आठवण देणाऱ्या जागा, वस्तू, माणसं टाळली जातात. मन कोरडं पडतं, 'चूक माझीच', 'आता मी कशाचीच नाही' असे विचार ठाण मांडतात. आणि अंग सतत सावध राहतं. झोप नाही, भांडं पडलं की दचकणं, बारीकशा गोष्टीवर चिडणं. पहिल्या काही आठवड्यांत यातलं बरंच कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. ही चारही प्रकारची लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं अडवू लागली, की तो विकार म्हणायचा. कधी कधी तो सहा महिन्यांनी डोकं वर काढतो. वॉर्डात चूल नसते, कुकरची शिट्टी नसते. घरी असते.

"पूर्वी कुठं होतं हे सगळं?"

होतं. नाव नव्हतं. १९४२ साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांना पुढं महिनोन्महिने भीती आणि वाईट स्वप्नं छळत होती, हे तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. १९८० मध्ये या विकाराला अधिकृत नाव मिळालं. आणि आपल्याला एवढं लांब जायची तरी काय गरज? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला घर धड असूनही छताखाली झोपायला न धजणारी माणसं लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांनी पाहिलीत. त्यांना कुणी नाटकी म्हटलं नाही. भाजलेली बाई मात्र एकटीच भूकंपातून आलेली असते, म्हणून तिला म्हणतात.

"जेवढं जास्त भाजलं, तेवढी भीती जास्त, असंच ना?"

मलाही आधी असंच वाटायचं. पण भाजलेल्या भागाची टक्केवारी आणि पीटीएसडी यांचं गणित अभ्यासांत नीट जुळत नाही. १० टक्के भाजलेला माणूस ढासळतो आणि ५० टक्क्यांतून उठलेला शेतावर जाऊ लागतो, हे मी स्वतः पाहिलंय. जास्त फरक पाडतात त्या गोष्टी वेगळ्या. त्या क्षणी 'आता मेले' असं किती वाटलं, नंतर दुखणं किती आवरलं गेलं, चेहरा-हातासारखा दिसणारा भाग भाजला का, आधीच मनावर काही ओझं होतं का, घरातून आधार मिळाला का. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत भाजल्यानंतरच्या वर्षभरात पीटीएसडीचं प्रमाण ९ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत आढळलंय. आकड्यांत एवढी तफावत आहे, कारण कोणाला, कधी आणि कसं विचारलं यावर उत्तर बदलतं. पण सगळ्यात खालचा आकडा धरला तरी माझ्या ओळीत बसलेल्या अकरा जणांत एक निघतो.

आणि दुखण्याचा मुद्दा सोडून चालणार नाही. 'गोळ्यांची सवय लागेल' म्हणून वेदनाशामक न घेता ड्रेसिंगला बसणारे आपल्याकडं खूप. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात भाजलेल्या मुलांपैकी ज्यांना दवाखान्यात मॉर्फिन जास्त मिळालं होतं, त्यांची आघाताची लक्षणं सहा महिन्यांत जास्त उतरली होती. अभ्यास लहान होता, २४ मुलांचा. पण कारण पटण्यासारखं आहे, कारण प्रत्येक ड्रेसिंगला पेशंट नव्यानं भाजत असेल तर जागल्या झोपणार कधी? डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेली पाहिजे. माझ्याकडं निम्मे पेशंट ती व्यायाम झाल्यावर, दुखायला लागलं म्हणून घेतात. वेळेचा हा साधा मुद्दा आम्हीच नीट सांगत नाही.

माझी नऊ दिवसांची चूक

आता त्या वसमतकडच्या ताईकडं. आमच्या विभागात कोपऱ्यात हॉट पॅकची टाकी आहे. कंबर-मानदुखीवाल्यांना शेकायचे पॅक त्यात गरम पाण्यात पडलेले असतात. जागा कमी, त्यामुळं ताईचं टेबल त्या टाकीला लागून होतं. दर पाच-दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन झाकण उघडायचं, भसकन वाफ वर यायची, पॅक चिमट्यानं काढला जायचा.

नऊ दिवस मी तिच्या खांद्याकडं बघत होते. दहाव्या दिवशी योगायोगानं चेहऱ्याकडं बघितलं. झाकण वाजलं आणि तिचे डोळे थिजले. हात अंगाला चिकटला, मान खांद्यात गेली, श्वास अडकला. चार-पाच सेकंद ती माझ्या विभागात नव्हतीच. मग हळूच म्हणाली, "आज राहू द्या ना मॅडम."

घरी हात वर जातो, इथं जात नाही. सासूबाई बरोबर सांगत होत्या, अर्थ मी चुकीचा लावला. त्या दिवशी टेबल खिडकीकडं सरकवलं आणि गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीनं, मोजलं. ८५. औषध नाही, व्यायाम नवा नाही, फक्त टेबल सरकवलं. सगळं एवढ्यानं सुटलं नाही, पण दिशा कळली. मग पहिल्यांदा मी तिला झोपेबद्दल विचारलं. हळदीच्या वासानं मळमळतं, फोडणी पडली की ती घराबाहेर जाते, पुतणीच्या हळदीला ती 'अंग दुखतंय' म्हणून गेली नाही, हे सगळं तेव्हा बाहेर आलं. महिनाभर कुणी विचारलंच नव्हतं.

इथं एक चक्र असतं. भीतीनं स्नायू आवळतात, म्हणून हालचाल जास्त दुखते. दुखलं म्हणून हालचाल टळते. टळली की व्रण आखडतो. आखडला की पुढची हालचाल आणखी दुखते, आणि जागल्या म्हणतो, बघ, मी सांगत होतो. त्यात रात्रीची झोप नाही, आणि न झोपलेल्या माणसाला दुखतंही जास्त. म्हणून आधी मन बरं करू, मग व्यायाम, असं होत नाही, आणि उलटंही होत नाही. दोन्ही एकाच वेळी करावं लागतं.

"पण थांबत बसलं तर हात आखडेल. धरूनच करावं लागणार ना?"

ही शंका रास्त आहे. वेळ खरंच हातात नसतो. पण पुलावर एकदा बिथरलेल्या बैलाला चाबूक मारून पूल ओलांडायला लावलं, तर पुढच्या वेळी तो पुलाच्या अलीकडच्या वळणावरच बसतो. दोघांनी धरून हात ताणला की त्या दिवशी दहा अंश मिळतात आणि पुढच्या आठवड्यात पेशंट येतच नाही. असे पेशंट मी गमावलेत.

भाजताना माणसाच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून आता थोडं तरी त्याच्या हातात द्यायचं. मी ताईला सांगितलं, डावा हात वर केला की मी थांबणार, का ते विचारणार नाही. पहिल्या दिवशी तिनं तो सहा वेळा वर केला. मी खरंच थांबते का, हे बघत होती. चौथ्या दिवशी एकदाच केला. ब्रेक स्वतःच्या पायाखाली असला की माणूस गाडी जोरात चालवतो. काय करणार, किती वेळ, किती दुखेल, हे आधी सांगायचं, आणि दुखणार असेल तर 'काही दुखत नाही' म्हणायचं नाही. दहा आकडे मोजायचे ठरले तर दहावर सोडायचं. 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणून पंधरावर नेलं की विश्वास गेला. घट्ट कपडा, पट्टी शक्यतो पेशंटनं स्वतः काढायची. व्यायाम घेणारं माणूस रोज तेच असेल तर उत्तम. आमच्याकडं बदल्या आणि सुट्ट्या पाहता हे नेहमी जमत नाही. लहान लेकराच्या बाबतीत एक नियम मात्र कडक पाळावा, ज्या कॉटवर ते झोपतं त्यावर दुखवणारं काही करायचं नाही. त्याला एक जागा तरी सुरक्षित पाहिजे.

लक्ष वळवण्याचाही उपयोग होतो. अमेरिकेत सिॲटलला भाजलेल्यांसाठी बर्फाच्या दरीतून फिरवणारा, डोळ्यांवर चढवायचा व्हर्च्युअल रिॲलिटीचा खेळ बनवला गेला, आणि ड्रेसिंगच्या वेळी त्यानं वेदना कमी जाणवतात हे दिसून आलं. आमच्याकडं मोबाईलवर कीर्तन लावतात. काही जणांना तेही पुरतं.

आणि पेशंट मध्येच 'तिकडं' गेला तर? धरून हलवायचं नाही, 'काही झालं नाही' म्हणायचं नाही. समोर येऊन सावकाश बोलायचं. "ताई, माझ्याकडं बघा. आज मंगळवार आहे. तुम्ही दवाखान्यात आहात. पाय फरशीवर टेका. गार लागते का फरशी?" तलाठ्याला तारीख सांगायची, एवढंच.

"सगळं बोलून टाकलं की मन मोकळं होतं"

हे वाचून काहींना राग येईल, पण ही समजूत अर्धीच खरी आहे. वेल्समधल्या कार्डिफला नेमक्या भाजलेल्या रुग्णांवरच एक प्रयोग झाला, १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. १३३ जणांपैकी काहींना अपघातानंतर लवकरच बसवून एका बैठकीत सगळा प्रसंग तपशिलात बोलायला लावलं, बाकीच्यांना नाही. तेरा महिन्यांनी पाहिलं तर बोलायला लावलेल्यांत २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न लावलेल्यांत ९ टक्क्यांना. बोलणाऱ्या गटाचा आघात मुळात थोडा जास्त होता, हेही सांगायला हवं. तरी फायदा झाला असं तर कुठूनच दिसलं नाही.

आता आपली पद्धत बघा. भाजलेलं माणूस घरी आलं की गाव भेटायला येतं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "कसं काय झालं गं माय?" ताईनं एका रविवारी तीच गोष्ट सात वेळा सांगितली. सातव्या वेळी सासूच सांगू लागली आणि ही भिंतीकडं तोंड करून पडली. लोक मायेनंच येतात, त्यात वाद नाही. पण ती प्रत्येक वेळी त्या झाकणापाशी जाऊन उभी राहते. आम्ही मग दोन वाक्यं ठरवून दिली. "वाफेनं भाजलं. आता बरी आहे, व्यायाम चालूय." पुढचं विचारणाऱ्याला नवऱ्यानं ओट्यावर घेऊन जायचं आणि पाऊसपाण्याचं बोलायचं. तिला स्वतःहून, तिच्या वेळेला, तिच्या माणसापाशी बोलायचं असेल तर ऐकायचं, अडवायचं नाही. आपण कोरून काढायचं नाही. प्रसंगाकडं पद्धतशीर परत जाण्याचे उपचार आहेत, ते परिणामकारकही आहेत, पण ते शिकलेल्या माणसानं अनेक बैठकांत, पायरीपायरीनं करायचे असतात.

"मग तिला स्वयंपाकघरात जाऊच द्यायचं नाही का?"

बरीच प्रेमळ घरं हे करतात. चूल दुसरीकडं, हळद डब्यात, कुकर बंद. पहिले काही दिवस ठीक. पण टाळलेली गोष्ट मोठी होत जाते, आणि काही महिन्यांत ती बाई घरात पाहुणी होते. टाळण्यानं जागल्याला कधी कळतच नाही की पाल्यात डुक्कर नव्हतं.

मधला रस्ता शिडीचा. पायऱ्या पेशंटनं ठरवायच्या. ताईची पहिली पायरी होती थंड चुलीपाशी, परातीत नुसतं पीठ मळणं. भाकरीचं पीठ मळणं आणि थापणं हा भाजलेल्या हातासाठी आमच्या कुठल्याही यंत्रापेक्षा चांगला व्यायाम आहे. मनगट उघडतं, बोटं सरळ होतात, तळवा सपाट पडतो. आठवडाभर तिनं नुसत्या भाकरी थापल्या, भाजल्या जावेनं. मग वरच्या फळीवरचा डबा काढणं, त्यात खांदा. मग रिकाम्या, गार कुकरचं झाकण लावणं-काढणं. मग ओसरीवर बसून आत शिट्टी ऐकणं, आधी एक, मग तीन. हळदीचा डबा सगळ्यात वरच्या पायरीवर होता. एखाद्या पायरीवर धडधड वाढली तर पळायचं नाही, तिथंच थांबून लांब श्वास सोडायचा, धडधड उतरू द्यायची. उतरलीच नाही तर उद्या खालची पायरी. चिठ्ठी लिहून देते मी, पण खरं काम जाऊबाईंनी केलं.

"झोपेची एक गोळी द्या ना"

रात्री किंचाळून उठणाऱ्या माणसाच्या घरात हे मागणं समजू शकतं. पण मेडिकलवरून आणलेल्या नेहमीच्या झोपेच्या गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात यासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यानं पीटीएसडी टळत नाही आणि सवय लागते. ज्यांचा उपयोग होतो ती औषधं वेगळी, सर्ट्रालीनसारखी. ती मानसोपचारतज्ज्ञांनी द्यायची, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मनानं बंद करायची नाहीत. रात्री खाजेनं झोप मोडत असेल तर ते वेगळंच दुखणं आहे, व्रण खूप खाजतो. त्याचे उपाय वेगळे, तेल-मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांची गोळी. खाजेला भीती आणि भीतीला खाज समजून दोन्हीकडं घोळ होतो.

भीती खरी असेल तर

एक गोष्ट लिहायलाच हवी. दर वेळी भीती जुन्या प्रसंगाचीच असते असं नाही. काही बायका ज्या घरात भाजल्या त्याच घरात परत जाणार असतात, आणि भाजवणारा सोबत येऊन बाकावर बसलेला असतो. तिथं जागल्या चुकत नाही, बरोबर ओरडतो. म्हणून मी प्रत्येक बाईशी एकदा तरी एकटीशी बोलते. नातेवाइकांना "पाच मिनिटं चहा घेऊन या" म्हणायचं, बस. '१८१' ही महिला हेल्पलाइन आहे, हे सांगायचं. आणि ज्यांनी स्वतःलाच पेटवून घेतलं, त्यांना पोलिसांची भीती असते, म्हणून त्या काहीच बोलत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलंय, उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकलीय. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही. मरणाचे विचार अजून येतात का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्यानं ते वाढत नाहीत.

"मनाच्या डॉक्टरकडं नेलं तर लोक वेडी म्हणतील"

म्हणतात. ताईच्या घरी आधी बाहेरचं बघून झालं, लिंबू उतरवून झालं. मी त्यावर वाद घातला नाही. "ते करा, आणि हेही करा," एवढंच म्हणाले. वाद घातला असता तर दोन्हीकडून गेले असते.

कुठं जायचं? जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं, मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग असतो. गर्दी असते, फेऱ्या होतात, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हा खर्च कुठल्याच योजनेत दिसत नाही. म्हणून व्यायामाची आणि मानसोपचाराची तारीख एकाच दिवशी मागून घ्या, बहुतेक वेळा देतात. जायला जमत नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्या भागात प्रेरणा प्रकल्पामुळं आशाताईंना शेतकऱ्यांच्या ताणतणावाबद्दल विचारायची सवय झालीय. भाजलेल्या माणसाबद्दलही त्यांना सांगून ठेवा, त्या घरी येतात, आम्ही येत नाही. आकसलेला अवयव कायमचा अडला तर प्लास्टिक सर्जनला दाखवायचं, आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्रही मिळू शकतं. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही त्या यादीत आहे.

ताईचं म्हणाल तर आठ महिने झाले. जिल्हा रुग्णालयातल्या मॅडमकडं तिच्या बैठका झाल्या, गोळी चालू आहे. हात १३० पर्यंत जातो. मानेवरचा एक पट्टा अजून ओढतो, त्याचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, ते सर्जन ठरवतील. घरी वरणाला हळद ती स्वतः घालते, पण पुढच्या हंगामात हळदीच्या कामाला जाणार नाही म्हणते, आणि तिनं का जावं?

परवा टेबलाची अडचण झाली म्हणून तिला पुन्हा टाकीजवळ बसवावं लागलं. मी झाकणाला हात घातला तशी ती म्हणाली, "मॅडम, उघडायलात का?" मी हो म्हटलं. ती दोन पावलं मागं सरकली, वाफ गेली, आणि परत येऊन बसली. "हं. मोजा आता."